न्यूक्लिक आम्ले आणि धातू आयन यांचे बंधन

न्यूक्लिक आम्ले आणि धातू आयन यांचे बंधन म्हणजे डीएनए, आरएनए आणि त्यांचे घटक असलेली न्यूक्लिओटाइडे यांच्याशी धनभारित धातू आयन जोडले जाण्याची रासायनिक क्रिया होय. पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांमध्ये डीएनएचा दुहेरी सर्पिल बहुधा एकटाच दाखवलेला असतो. प्रत्यक्षात सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांसारख्या धनभारित आयनांच्या सोबतीशिवाय हा रेणू पेशीत किंवा परीक्षानळीत कोठेही आढळत नाही. धातूचा आयन रेणूच्या कोणत्या अणूला धरतो आणि किती घट्ट धरतो, यावर तो पेशीच्या कामाचा ठरतो की तिचा घात करतो, हे अवलंबून असते. मॅग्नेशियमवाचून डीएनएची प्रत निघत नाही, तर प्लॅटिनम डीएनएला चिकटल्यावर तीच प्रत काढणे अशक्य होते. कर्करोगावरील सिस्प्लॅटिन या औषधाचा उपयोग याच गुणधर्मावर आधारलेला आहे.

बंधनाची स्थाने

न्यूक्लिओटाइडाचे तीन भाग असतात : नत्रयुक्त क्षारक, पाच कार्बनी शर्करा आणि फॉस्फेट गट. यांपैकी शर्करेचा धातूशी संबंध सहसा दुय्यम असतो. खरी निवड फॉस्फेटचे ऑक्सिजन अणू आणि क्षारकांचे नायट्रोजन अणू यांच्यात होते.

मॅग्नेशियम, कॅल्शियम, सोडियम व पोटॅशियम हे आयन ऑक्सिजनकडे ओढले जातात. रसायनशास्त्रात त्यांना ‘कठीण’ आयन म्हणतात. पारा, चांदी, प्लॅटिनम यांचे ‘मृदू’ आयन नायट्रोजन व गंधक पसंत करतात. जस्त, मँगनीज, निकेल, तांबे व कोबाल्ट हे मधल्या गटात मोडतात आणि परिस्थितीनुसार दोन्हीकडे जातात. ही विभागणी ढोबळ असली, तरी पुढील बहुतेक उदाहरणे तिच्यावरून समजतात.

क्षारकांवरील सर्व नायट्रोजन अणू सारखेच उपलब्ध नसतात. ॲडेनिनचा एन-१ आणि सायटोसिनचा एन-३ हे दुहेरी सर्पिलात समोरच्या क्षारकाशी हायड्रोजन बंधाने गुंतलेले असतात. ग्वानिन व ॲडेनिन यांचा एन-७ मात्र सर्पिलाच्या मोठ्या खाचेत उघडा असतो. त्यातही ग्वानिनचा एन-७ इलेक्ट्रॉनांच्या दृष्टीने अधिक समृद्ध असल्याने डीएनएवर आलेला बहुतेक कोणताही मृदू धातू प्रथम तेथेच बसतो.

बंधन दोन प्रकारे होते. आयन आपल्याभोवतीचे पाण्याचे रेणू सोडून ऑक्सिजन किंवा नायट्रोजनशी थेट सहसंबद्ध बंध करतो, तेव्हा त्याला अंतर्वलयी बंधन म्हणतात. पाण्याचे कवच कायम ठेवून त्या पाण्याच्याच हायड्रोजन बंधांनी तो जोडला गेल्यास ते बहिर्वलयी बंधन होय. मॅग्नेशियमची त्रिज्या अवघी ७२ पिकोमीटर असून त्याभोवती पाण्याचे सहा रेणू अष्टफलकाच्या सहा कोपऱ्यांवर घट्ट बसलेले असतात. ते सोडण्यास तो नाखूष असतो. पाण्याच्या अदलाबदलीचा त्याचा वेग कॅल्शियमच्या तुलनेत हजारो पटींनी कमी आहे. म्हणून डीएनएभोवतीचे बहुतांश मॅग्नेशियम हे बहिर्वलयी असते.

न्यूक्लिओटाइडे आणि एटीपी

पेशीचे ऊर्जाचलन म्हणून ओळखले जाणारे एटीपी हे स्वतः एक न्यूक्लिओटाइड आहे. त्याच्या तीन फॉस्फेट गटांवर मिळून शरीराच्या सामूला सुमारे चार ऋणभार असतात. मॅग्नेशियमशी त्याच्या बंधनाचा स्थिरता स्थिरांक सुमारे १० चा चौथा घात इतका असतो, आणि पेशीतील मुक्त मॅग्नेशियम सामान्यतः प्रति लिटर अर्धा ते एक मिलिमोल असते. या दोन आकड्यांवरून पेशीतील एटीपीचे दहापैकी सुमारे नऊ रेणू कोणत्याही क्षणी मॅग्नेशियमला बांधलेले असतात, असे दिसते. स्नायूंच्या आकुंचनापासून प्रथिननिर्मितीपर्यंत ज्या विकरांना ‘एटीपी लागते’ असे म्हटले जाते, त्यांपैकी बहुतेकांना वस्तुतः मॅग्नेशियम-एटीपी लागते.

धातू फॉस्फेटच्या साखळीतील नेमक्या कोणत्या गटाला धरतो, हे मिल्ड्रेड कोन आणि टॉमस ह्यूज यांनी १९६२ साली फॉस्फरसच्या अणुकेंद्रीय चुंबकीय संस्पंदनाने तपासले. मॅग्नेशियममुळे टोकाच्या व मधल्या फॉस्फेटचे संकेत सरकले, तर मँगनीज व तांबे यांसारख्या समचुंबकीय आयनांमुळे ते रुंदावले. धातूच्या शेजाऱ्यांचा माग काढण्याची ही रीत पुढे न्यूक्लिक आम्लांच्या अभ्यासातही रूढ झाली.

फॉस्फेटला धरलेला धातू काही वेळा मागे वळून त्याच रेणूतील ॲडेनिनच्या एन-७ लाही धरतो आणि एक मोठे कडे तयार होते. स्वित्झर्लंडमधील बाझेल विद्यापीठाचे हेल्मुट सीगेल यांनी अशा बंद व उघड्या रूपांचे प्रमाण अनेक धातूंसाठी मोजले. तांब्याच्या बाबतीत बहुसंख्य रेणू बंद रूपात असतात, मॅग्नेशियमच्या बाबतीत थोडेच. या विषयातील परिमाणात्मक माहितीचा मोठा भाग त्यांच्या प्रयोगशाळेतून आलेला आहे.

दुहेरी सर्पिलाभोवतीचे आयन

डीएनएच्या प्रत्येक ०.३४ नॅनोमीटर लांबीत दोन ऋणभार असतात. इतके दाटीचे भार एकमेकांना दूर लोटतात. क्षाररहित पाण्यात डीएनएच्या दोन साखळ्या सामान्य तापमानालाच विलग होऊ लागतात. धन आयन सर्पिलाभोवती जमले, की हे प्रतिकर्षण निवळते. जेराल्ड मॅनिंग यांच्या संघनन सिद्धांतानुसार एकभारी आयनांच्या द्रावणात डीएनएचा सुमारे ७६ टक्के भार अशा रीतीने झाकला जातो व द्विभारी आयनांच्या द्रावणात सुमारे ८८ टक्के. हे आयन एखाद्या ठरावीक जागी बसलेले नसून सर्पिलाभोवती ढगासारखे फिरते असतात.

शाळेत कांद्यापासून किंवा केळ्यापासून डीएनए वेगळे काढण्याच्या प्रयोगात मीठ का घालतात, याचे उत्तर यातच आहे. मिठातील सोडियम फॉस्फेटचे भार झाकतो आणि त्यानंतर थंड अल्कोहोल ओतल्यावर डीएनएचे पांढरे तंतू वर येतात. मीठ विसरल्यास हे तंतू नीट दिसत नाहीत.

सर्वच धातू सर्पिलाला बळकटी देत नाहीत. गुंथर आयकहॉर्न व योंग शिन यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मॅग्नेशियममुळे डीएनएचे विलयन तापमान, म्हणजे साखळ्या सुटण्याचे तापमान, वाढले, तर तांब्यामुळे ते घसरले. तांबे क्षारकांच्या नायट्रोजनांना धरून हायड्रोजन बंध मोडते. कोबाल्ट, निकेल, मँगनीज, जस्त व कॅडमियम हे या दोन टोकांच्या दरम्यान क्रमाने येतात. जस्ताची गोष्ट विशेष आहे. जस्ताच्या उपस्थितीत तापवून विलग केलेल्या साखळ्या द्रावण थंड केल्यावर पुन्हा जशाच्या तशा जुळतात. जस्ताचे सेतू दोन्ही साखळ्यांना पूर्णपणे दुरावू देत नाहीत, असा याचा अर्थ लावला जातो.

संशोधनाचा इतिहास

डीएनएच्या संरचनेच्या शोधातच धातू आयनांनी एक चूक घडवली होती. जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांनी १९५१ च्या अखेरीस केलेल्या पहिल्या प्रतिकृतीत तीन साखळ्या होत्या. फॉस्फेट आत, क्षारक बाहेर, आणि फॉस्फेटांना एकत्र बांधण्यासाठी मध्यभागी मॅग्नेशियमचे आयन. रोझलिंड फ्रँकलिन यांनी ती पाहताच आक्षेप घेतला : असे आयन पाण्याच्या कवचात असतात, त्यामुळे त्यांची व फॉस्फेटांची जागा रेणूच्या बाहेरच्या बाजूलाच असली पाहिजे. हा आक्षेप बरोबर होता आणि ती प्रतिकृती सोडून द्यावी लागली. १९५३ साली फ्रँकलिन व रेमंड गॉसलिंग यांनी प्रसिद्ध केलेला लेखही शुद्ध ‘डीएनए’वर नव्हता, तर त्याच्या सोडियम क्षारावर होता. त्या क्षारातील पाण्याचे प्रमाण बदलल्यावर रेणू अ-रूपातून ब-रूपात जातो, हे त्यांनीच दाखवले होते.

आरएनए आणि मॅग्नेशियम

डीएनएपेक्षा आरएनएला मॅग्नेशियमची गरज अधिक असते. आरएनएची एकच साखळी स्वतःवर दुमडून गुंतागुंतीचा आकार घेते व त्यात फॉस्फेट गट एकमेकांच्या फार जवळ येतात. १९७४ साली यीस्टमधील फेनिलॲलॅनिनवाहक आरएनएची संरचना स्फटिकांवरून स्पष्ट झाली, तेव्हा तिच्या वळणांत ठरावीक जागी बसलेले मॅग्नेशियम आयन आढळले. येथे आयन ढगात फिरत नसून खुंटीसारखे काम करतात.

आरएनए स्वतः विकराचे काम करू शकते, या शोधातही मॅग्नेशियमचा वाटा आहे. सिडनी ऑल्टमन यांच्या प्रयोगशाळेत रायबोन्यूक्लिएज-पी या विकरातील आरएनए प्रथिनाशिवायही काम करते असे १९८३ साली दिसले, पण त्यासाठी द्रावणातील मॅग्नेशियमचे प्रमाण बरेच वाढवावे लागले. प्रथिनाचे धनभार करत असलेले काम मॅग्नेशियमने उचलले होते. या शोधासाठी ऑल्टमन व टॉमस चेक यांना १९८९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शिसे याच जागा बळकावते. वाहक आरएनएमध्ये एका ठरावीक ठिकाणी बसलेला शिशाचा आयन शेजारील साखळी तोडतो. ही क्रिया इतकी नेमकी असते, की आरएनए योग्य रीतीने दुमडले आहे की नाही हे पाहण्यासाठी ती प्रयोगशाळांमध्ये कसोटी म्हणून वापरली जाते.

पोटॅशियम आणि ग्वानिनची चतुष्के

ग्वानिनने समृद्ध असलेल्या साखळ्यांमध्ये चार ग्वानिन एका पातळीत चौकोन करून बसतात व असे चौकोन एकावर एक रचले जातात. ही रचना मार्टिन गेलर्ट, मेरी लिपसेट व डेव्हिड डेव्हिस यांनी १९६२ साली वर्णन केली. दोन चौकोनांच्या मध्ये आठ ऑक्सिजन अणूंची एक पोकळी तयार होते आणि पोटॅशियमचा आयन तीत चपखल मावतो. सोडियम लहान असल्याने तितका उपयोगी पडत नाही, लिथियमचा तर जवळजवळ उपयोग नसतो. मानवी गुणसूत्रांच्या टोकांवर टीटीएजीजीजी हा क्रम वारंवार येतो व त्यापासून अशा रचना बनू शकतात.

विकरांतील दोन धातू आणि मँगनीजची चूक

डीएनएची प्रत काढणाऱ्या पॉलिमरेज विकराच्या क्रियास्थानी मॅग्नेशियमचे दोन आयन लागतात. एक आयन वाढत्या साखळीच्या टोकावरील ऑक्सिजनला आक्रमक बनवतो, दुसरा नव्या न्यूक्लिओटाइडाच्या फॉस्फेटांना धरून ठेवतो आणि सुटणाऱ्या पायरोफॉस्फेटचा भार सांभाळतो. टॉमस स्टाइट्झ व जोन स्टाइट्झ यांनी १९९३ साली हीच यंत्रणा उत्प्रेरक आरएनएलाही लागू पडावी, असे सुचवले.

मॅग्नेशियमच्या जागी मँगनीज दिल्यास विकर चालते, पण चुका करू लागते. मँगनीज जागेबाबत तितका काटेकोर नसल्याने चुकीचा क्षारकही विकराला स्वीकारार्ह होतो. मुद्दाम उत्परिवर्तने घडवायची असतील, तेव्हा संशोधक याचा फायदा घेऊन अभिक्रियेत थोडे मँगनीज क्लोराइड घालतात. (मँगनीज हा धातू पूर्व विदर्भाला नवा नाही, गोंदियालगतच्या भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग व चिखला येथे त्याच्या खाणी आहेत.)

जस्त-अंगुली या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रथिनांचा उल्लेख या विषयात अनेकदा होतो. तेथे जस्त डीएनएला स्पर्श करत नाही. ते प्रथिनाची घडी टिकवते आणि डीएनएचा क्रम प्रथिन ओळखते.

पारा, चांदी आणि मुक्त मूलके

पाऱ्याचा आयन समोरासमोरच्या दोन थायमिनांमधील हायड्रोजनची जागा घेऊन स्वतःच त्यांच्यातला दुवा होतो. एरवी न जुळणारी थायमिन-थायमिन जोडी त्यामुळे स्थिर होते. अकिरा ओनो व हुमिका तोगाशी यांनी २००४ साली याच गुणधर्मावर पाण्यातील पारा ओळखणारा डीएनए-संवेदक तयार केला. दोन सायटोसिनांच्या मध्ये चांदीचा आयन असाच बसतो.

लोह व तांबे यांचा धोका वेगळ्या प्रकारचा आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्यांची क्रिया होऊन हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होते. ते इतके क्रियाशील असते, की जेथे बनते तेथेच जवळच्या अणूवर तुटून पडते. धातू डीएनएला बांधलेला असेल, तर तो अणू डीएनएचाच असतो.

प्लॅटिनम : सिस्प्लॅटिन

सिस्प्लॅटिन हे संयुग मिकेले पेयरोने यांनी १८४४ साली तयार केले होते. त्याचा जैविक परिणाम मात्र १९६५ साली योगायोगाने कळला. अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग विद्युतक्षेत्राचा जीवाणूंवरील परिणाम तपासत असताना जीवाणू विभाजित न होता लांबच लांब वाढू लागले. कारण वीज नसून विद्युतअग्रांतून विरघळलेले प्लॅटिनम होते. अमेरिकेत १९७८ साली औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली.

या रेणूत प्लॅटिनमला दोन अमोनिया व दोन क्लोराइड एकाच बाजूस जोडलेले असतात. रक्तात क्लोराइडचे प्रमाण भरपूर असल्याने रेणू टिकून राहतो. पेशीत ते कमी असते. तेथे क्लोराइड सुटून त्याजागी पाणी येते आणि मग पाण्याला हटवून ग्वानिनचा एन-७ प्लॅटिनमला धरतो. बहुतेक वेळा एकाच साखळीतील लगतचे दोन ग्वानिन एकाच प्लॅटिनमने बांधले जातात व सर्पिल त्या ठिकाणी वाकतो. मॅग्नेशियमचे बंध क्षणोक्षणी जुळतात व सुटतात, प्लॅटिनमचा बंध मात्र सहसा सुटत नाही. प्रत काढणारे विकर तेथे अडते आणि दुरुस्ती न झाल्यास पेशी मरते. हे केवळ कर्कपेशींतच घडते असे नाही, आणि औषधाचे दुष्परिणाम त्यामुळेच तीव्र असतात. मूत्रपिंडांना इजा होऊन लघवीवाटे मॅग्नेशियम वाहून जाणे हा त्यांपैकी एक आहे. त्यामुळे रुग्णाला सिस्प्लॅटिनसोबत भरपूर सलाइन आणि अनेकदा मॅग्नेशियमही दिले जाते.

महाराष्ट्रातील संदर्भ

मुंबईच्या कुलाबा भागातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गिरिजेश गोविल, रामकृष्ण होसूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अणुकेंद्रीय चुंबकीय संस्पंदनाने न्यूक्लिक आम्लांच्या द्रावणातील रचनांचा अभ्यास केला. गोविल व होसूर यांचे जैविक रेणूंच्या रचनांवरील इंग्रजी पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले.

सिस्प्लॅटिनचा संबंध राज्यातील रुग्णांशी अधिक थेट येतो. तंबाखू व सुपारी हे तोंडाच्या कर्करोगाचे प्रमुख कारण आहे. तेंदूपाने व विडी उद्योगासाठी ओळखल्या जाणाऱ्या गोंदियासह संपूर्ण विदर्भात तंबाखू-सुपारीचा खर्रा सर्रास खाल्ला जातो. डोके व मान यांच्या स्थानिक पातळीवर पसरलेल्या कर्करोगात किरणोपचारांसोबत सिस्प्लॅटिन देतात. त्याची तीन आठवड्यांतून एकदा द्यायची मोठी मात्रा रुग्णाला सोसत नाही, म्हणून भारतात अनेक ठिकाणी आठवड्याला छोटी मात्रा देण्याची पद्धत पडली होती. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाश व सहकाऱ्यांनी ३०० रुग्णांवर या दोन पद्धतींची तुलना केली व २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दर आठवड्याला प्रति चौरस मीटर ३० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत दोन वर्षांनंतर रोगावर स्थानिक नियंत्रण ५८.५ टक्के रुग्णांत राहिले, तर तीन आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत ७३.१ टक्के रुग्णांत. तीव्र दुष्परिणाम मात्र मोठ्या मात्रेत अधिक होते : ८४.६ टक्के विरुद्ध ७१.६ टक्के. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जपानमधील एका चाचणीत, शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांत, आठवड्याला ४० मिलिग्रॅमची मात्रा मोठ्या मात्रेपेक्षा उणी ठरली नाही. त्यामुळे प्रश्न केवळ वेळापत्रकाचा नसून एकूण किती प्लॅटिनम दिले जाते याचाही असावा, असे मानण्यास जागा आहे.

प्रयोगशाळेतील व्यवहार

रक्ततपासणीसाठी वापरली जाणारी जांभळ्या झाकणाची नळी हे या रसायनशास्त्राचे सर्वांत परिचित उदाहरण होय. तिच्यातील ईडीटीए हे संयुग कॅल्शियम व मॅग्नेशियमला खेकड्याच्या नांगीप्रमाणे पकडते. कॅल्शियम न उरल्याने रक्त गोठत नाही, आणि मॅग्नेशियम न उरल्याने डीएनए तोडणारी अनेक विकरेही थंडावतात. तिरोडा तालुक्यातील बोदलकसासारख्या जंगलालगतच्या गावातून घेतलेला नमुना शहरातील प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्यातील डीएनए टिकते, त्याचे एक कारण हेच.

हाच ईडीटीए पुढे अडचणीचा ठरतो. विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात एका ॲडेनिनच्या जागी थायमिन आलेले असते. प्राथमिक चाचणीला डीएनए लागत नाही, परंतु गर्भातील निदानासाठी जनुकाचा हा भाग पॉलिमरेज शृंखला अभिक्रियेने वाढवून पाहावा लागतो. या अभिक्रियेत मॅग्नेशियम सामान्यतः प्रति लिटर १.५ मिलिमोल ठेवतात. त्यातील चार न्यूक्लिओटाइडे प्रत्येकी ०.२ मिलिमोल असतील, तर ती मिळून सुमारे ०.८ मिलिमोल मॅग्नेशियम अडवतात. डीएनए नेहमीच्या एक मिलिमोल ईडीटीए असलेल्या द्रावणात ठेवलेले असून ते एकूण मिश्रणाच्या पाचव्या भागाइतके घातले, तर आणखी ०.२ मिलिमोल जाते. विकरासाठी उरते सुमारे अर्धा मिलिमोल. डीएनए नीट धुतले गेले नाही आणि नळीतील ईडीटीए सोबत आले, तर तेवढेही उरत नाही व निकाल कोरा येतो. याउलट मॅग्नेशियम गरजेपेक्षा जास्त झाल्यास न जुळणारे तुकडेही एकमेकांना चिकटतात आणि नको असलेले पट्टे दिसू लागतात. म्हणून अशा चाचण्यांमध्ये, ज्यातून निश्चितपणे पट्टा मिळतो असे ज्ञात नमुन्याचे डीएनए दरवेळी सोबत चालवले जाते. त्याचाही निकाल कोरा आला, तर रुग्णाच्या नमुन्यावरून कोणताही निष्कर्ष काढत नाहीत.